चाचांचं मशीन आणि आमचा टीव्ही

आमच्या घरात टीव्ही बिघडला की दोष खालच्या चाचांचा, हे माझ्या लहानपणापासून ठरून गेलेलं होतं. तेव्हा ते खरंही असायचं. काळेवाडीत आमचं घर पहिल्या मजल्यावर आणि बरोबर त्याच्या खाली चाचांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत ते आणि चाची राहायचे. मिक्सर, ड्रिल, पंखे, पाण्याचे पंप, जळालेली कुठलीही मोटर त्यांच्याकडे यायची. ते आतली जळकी तार उपसून काढायचे, नवी तांब्याची तार भरायचे, वरून वॉर्निश ओतायचे आणि मग मोटर चालवून बघायचे. त्यांनी मिक्सर चालवून बघितला की वर आमच्या टीव्हीत माणसांच्या तोंडावर पांढरे ठिपके उठायचे आणि आवाजात खरखर यायची.

माझे वडील पिंपरीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होते. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा लागायचा आणि नेमका तेव्हाच चाचांना कुणाचा तरी मिक्सर संपवायचा असायचा. ठिपके आले की वडील उठून खिडकीच्या ग्रिलवर पान्याने दोनदा ठोकायचे. खाली मोटर थांबायची. मग चाचांची हाक यायची, "दिसतंय का आता, वायरमनसाहेब?" वडील वरून ओरडायचे, "दिसतंय, मिस्त्री! हिरॉइन परत रडायला लागली!" सिनेमा संपेपर्यंत चाचा एकही मोटर चालवत नसत. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी नाही. वर वायरमनसाहेबांचा पिक्चर चालू आहे, असं त्याला सरळ सांगायचे. दोघांची मैत्री बहुतेक एवढ्यावरच चालली होती. ईदला शीरखुर्मा वर यायचा, दिवाळीला चकल्या खाली जायच्या, आणि वर्षभर ग्रिल वाजायचं.

वडिलांना टीव्हीची बिघडलेली चित्रं वाचता यायची. गच्चीवर आमचा अँटेना सिंहगडावरच्या टीव्ही टॉवरकडे तोंड करून उभा होता आणि त्यात येणारी प्रत्येक खोडी त्यांच्या ओळखीची होती. रस्त्याने जुनी स्कूटर गेली की ठिपक्यांची एक बारीक ओळ पळत जायची. मिक्सरचे ठिपके विस्कटलेले, पडदाभर उधळलेले असायचे. वाऱ्याने अँटेना हलला की एका माणसाची दोन माणसं व्हायची. एकदा, मी दहाएक वर्षांची असेन, पडद्यावर दोन जाड आडवे पट्टे आले, टिकल्या टिकल्यांचे, आणि सावकाश वर चढायला लागले. मी पाना उचलून ग्रिलकडे धावले. वडिलांनी मला थांबवलं.

"हा मिस्त्री नाही," ते म्हणाले. "मोटर अशी दिसत नाही. हे दोनच पट्टे आहेत आणि एका लयीत वर चढतायत. कुठेतरी तार ढिली झालीय, ठिणगी पडतीय."

टेस्टर घेऊन ते खाली गेले. मीही मागोमाग गेले. जिन्याखाली पत्र्याच्या पेटीत सगळ्या बिऱ्हाडांचे मीटर होते. त्यातल्या एका तारेचा स्क्रू ढिला झाला होता आणि तार हात लावता येणार नाही इतकी तापली होती. मेन बंद करून त्यांनी ती कापून, सोलून परत आवळली. वर येऊन बघितलं तर पट्टे गेले होते. "आज बघितलं नसतं तर महिन्याभरात पेटी पेटली असती," असं ते आईला म्हणाले, आणि आईने मीठमोहऱ्या ओवाळायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे घडलं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला शिकवलेलं होतं.

पुढे डिजिटल आलं. सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, केबलवाल्याने घरोघरी बॉक्स दिले आणि इमारतीचा अँप्लिफायर जिन्याखाली, मीटरपेटीला खेटूनच भिंतीत ठोकला. त्याच सुमाराला मी हप्त्यावर सपाट टीव्ही घेतला. चित्र असं स्वच्छ की नटीच्या कपाळावरचा पावडरचा थर दिसावा. पहिल्याच संध्याकाळी वडिलांनी खिडकीतून चाचांना ड्रिल चालवायला सांगितलं. चाचांनी चालवलं. आवाज वरपर्यंत आला, चित्रात काडीचाही फरक पडला नाही. चाचा खालून विचारत होते, "काय येतंय का?" वडील म्हणाले, "काही नाही येत, मिस्त्री. चालवा आता बिनधास्त." पण मला वाटतं त्यांना ते फारसं रुचलं नव्हतं. जेवताना म्हणाले, "ह्याला काही कळतच नाही." मी म्हटलं, "चांगलंच आहे की, बाबा." त्यानंतर दोन वर्षांत ते गेले, आणि पाना हत्यारांच्या पिशवीत जाऊन पडला.

चाचांचं दुकानही हळूहळू बसलं. मिक्सर जळला की लोक नवा आणायला लागले. त्यात चाचांची छाती गेली. चाळीस वर्षं जळक्या तारांचा आणि वॉर्निशचा धूर ओढलेला, त्यावर कोविडची दुसरी लाट. ते वाचले, पण अर्धेच परत आले म्हणायचे. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या, त्यामुळे दवाखान्यात त्यांच्याबरोबर मीच जायचे. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नाकातल्या नळीतून देणारं, विजेवर चालणारं मशीन. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "चोवीस तास. आंघोळीला काढलं तर तेवढंच." मी मान डोलावली. मशीन मागच्या खोलीत, आमच्या हॉलच्या बरोबर खाली बसलं. लहानशा कूलरएवढं होतं आणि दिवसरात्र घरघरायचं. वीज गेली तर असावा म्हणून शेजारी एक छोटा सिलेंडरही होता, लाटेच्या दिवसांत मिळवलेला.

आता आमच्या वरच्या घराचं सांगते. त्याच्या पुढच्या वर्षी आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समज मात्र सगळी शाबूत, आणि हेच जास्त वाईट होतं. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, गाड्यांच्या ब्रेकचे भाग तपासते. सकाळी सातला कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी मोशी, भोसरी, नाशिक फाटा असं गर्दीत कुजत पावणेसातला घरी यायचं. दिवसभर आईजवळ एक बाई असायची, मी आले की ती जायची. संध्याकाळी सात ते आठ आईच्या दोन मालिका असायच्या, पाठोपाठ. चोवीस तासांतला तोच एक तास तिचा चेहरा तिचा स्वतःचा दिसायचा. त्या सासवा-सुनांवर ती डाव्या ओठाने हसायची, डाव्या हाताने मला दाखवायची, बघ बघ. आणि तेवढ्या वेळात मी भाजी फोडणीला टाकायचे, कुकर लावायचे, दोन मिनिटं पाय पसरून बसायचे. खोटं कशाला बोलू, तो तास जितका तिचा होता तितकाच माझाही होता.

थंडीच्या सुरुवातीला त्या तासात चौकोन यायला लागले. डिजिटल चित्र बिघडतं कसं ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको. नटीचं तोंड मध्येच चौकोनांत फुटायचं, ओठ उघडे तसेच थिजायचे, आवाज तुटायचा, मग पडदा काळा आणि सिग्नल नाही अशी पाटी. मिनिटभराने परत सुरू, परत चौकोन. आई आधी गोंधळायची, मग घशातून आवाज काढायची आणि मग रडायची. तिचं रडणं तोंडाच्या एकाच बाजूने व्हायचं. ते बघवायचं नाही.

केबलवाला तीनदा आला. पिन बदलली, वायर बदलली, बॉक्स बदलला. तिसऱ्यांदा आल्यावर म्हणाला, "वरूनच आहे, मॅडम." मी म्हटलं, वरून म्हणजे कुठून, आभाळातून? तो हसून गेला. जुन्या टीव्हीत काय झालंय ते निदान दिसायचं. इथे ढिली पिन, कापलेली वायर, मोटर, ठिणगी, पाऊस, सगळ्याचं तोंड एकच, तेच चौकोन. त्यात वाचायचं काय आणि कसं?

मग एका शनिवारी सुट्टी असताना माझ्या लक्षात आलं. दुपारी चाचा आंघोळीला गेले, खालची घरघर थांबली आणि चित्र लख्ख झालं. घरघर सुरू झाली, चौकोन आले. मला जो आनंद झाला तो आज आठवला तरी स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. कंपनीत आम्ही हेच करतो. संशय असलेला भाग लावायचा, दोष येतो का बघायचं, काढायचा, जातो का बघायचं, परत लावायचा. मी खाली गेले आणि चाचांना सगळं समजावून सांगितलं. ते गादीवर उशीला टेकून बसले होते. ऐकून खोकत खोकत हसले.

"म्हंजे अजून मीच का?" ते म्हणाले. "आता तर दुकान बी न्हाई माझं."

"दोन मिनिटं बंद करूया, चाचा? फक्त बघायला."

त्यांनी स्वतः हात लांबवून बटण बंद केलं. मी जिना चढून वर, बघून खाली. चालू, बंद, चालू, बंद. तीनदा केलं आणि तीनही वेळा तेच झालं. सिद्ध झालं म्हणून मी टाळीच वाजवली. कंपनीत याच्यापुढे आम्हाला पाच वेळा 'का?' असं विचारायला लावतात. मशीनमुळे का? मशीन तर वर्षभर चालू आहे, मग आत्ताच का? दुसऱ्या 'का'पर्यंत जरी मी गेले असते तरी पुरे होतं. चाकणला कुणी नवखा पोरगा असा पहिल्या 'का'वर थांबला असता तर मी त्याची बिनपाण्याने केली असती.

चाचांनी विचारलं, "वहिनींची शिरेल कवा असती?"

"सात ते आठ. पण नको चाचा, काहीतरी दुसरं बघू."

"तेवढा तास मी बंद ठिवतो. ह्यो सिलेंडर हाय की. नळी काढायची हिकडनं, लावायची तिकडं." त्यांनी सिलेंडरवर थोपटलं. "वायरमनसाहेबांच्या घरचा पिक्चर मी कवा मोडलाय का?"

मी आणखी एकदा नको म्हटलं, पण कसं म्हटलं ते मला माहीत आहे. वाढणाऱ्याने वाढावंच अशा बेताने पानावर हात धरावा, तसं. चाची दाराशी उभ्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून रोज सातला खालची घरघर थांबायची आणि वर मालिका सुरू व्हायची. आईचा चेहरा परत उजळला. मी ऑफिसातल्या मैत्रिणींना फुशारकीने सांगितलं की केबलवाल्याला तीन चकरांत कळलं नाही ते मी दहा मिनिटांत शोधलं.

असं अडीच महिने चाललं. मधूनमधून साडेसातच्या सुमाराला दूध आणायला मी खाली उतरायचे तेव्हा दार उघडं असायचं. चाचा गादीच्या कडेला पाय खाली सोडून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे वाकून बसलेले असायचे. खांदे वरखाली होत असायचे. थंडीतही खिडकी सताड उघडी. नळी गळ्यात, सिलेंडर शेजारी. मी दारातूनच विचारायचे, "सिलेंडर लावलाय ना, चाचा?" ते मान हलवायचे. बोलायचे नाहीत. आठच्या पुढे मात्र बोलायचे, थट्टाही करायचे. साडेसातला माणूस बोलत का नाही, हा प्रश्न मला पडला नाही, कारण दूध घेऊन मला वर जायचं होतं.

एकदा सव्वासातला चाची वर आल्या. उंबऱ्याशी थांबल्या. आई टीव्हीतल्या कुठल्याशा लग्नाकडे बघून हसत होती, डावा हात हलवत होती. चाची बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

"काय हो चाची? या ना, बसा."

"काय न्हाई. बगायला आले हुते," त्या म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी बस पकडायला निघाले तर चाची जिन्यातच हात धरून म्हणाल्या, लवकर चल. चाचांचे ओठ जांभळे झाले होते, मशीन चालू असूनही. बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा सत्तरच्या घरात होता. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "मशीन सतत चालू होतं ना? मध्ये बंद?" मी चाचींकडे बघितलं. चाचींनी माझ्याकडे बघितलं नाही. "व्हय, चालूच हुतं," त्या म्हणाल्या. मी गप्प राहिले. चौथ्या दिवशी चाचा गेले.

त्या चार दिवसांत आईच्या मालिका अगदी स्वच्छ दिसल्या. खाली मशीन बंदच होतं ना. माझ्या मनात हेही येऊन गेलं की बघ, दोष मशीनचाच होता. माणूस मरत असताना आपलं बरोबर ठरलं याचं समाधान मनाला होतं, हे लिहायला लाज वाटते, पण ते झालं खरं.

दफन झालं. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जियारत, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, होती. माणसं जमणार म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आले होते, दुपारभर खाली चहाचे कप विसळत होते. सातच्या सुमाराला आईला बघायला वर आले, टीव्ही लावला. मालिका सुरू झाली आणि पाचच मिनिटांत नटीचं तोंड चौकोनांत फुटलं.

मी तशीच खाली धावले. खरं सांगायचं तर रागाने धावले, कुणी मशीन लावलं म्हणून. मागच्या खोलीत मशीन कोपऱ्यात सरकवलेलं होतं, त्यावर धुतलेली चादर घातलेली होती आणि वायर गुंडाळून वर ठेवलेली होती. मोरीत पाहुण्यांच्या हातपाय धुण्यासाठी कुणीतरी बादलीत पाणी तापवायचा रॉड लावला होता. मी मोरीच्या दारात उभी राहिले. मग रॉडचं बटण बंद केलं आणि आतून पाहुण्यांतल्या एका मुलीला वर पाठवलं, टीव्ही बघून ये म्हणून. ती येऊन म्हणाली, नीट दिसतोय, दीदी. रॉडला कुठे मोटर असते? फिरणारं काही नाही त्यात, नुसतं तापणारं लोखंड. मला तेव्हाच कळलं, दोष मशीनचा नव्हता, तारेचा होता. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने जिन्याखालची पेटी उघडली, मेन काढली आणि चाचांच्या मीटरची न्यूट्रल तार नुसती बोटाने हलवली तर ती हातात आली. वरचं प्लास्टिक जळून कोळसा झालेलं, पितळेचा तुकडा काळा पडून खाल्ल्यासारखा झाला होता. "किती दिवसांचं आहे हे!" तो म्हणाला. "खाली लोड आला की इथे ठिणगी. आणि केबलचा डबा हा असा चिकटून. टीव्ही कसा दिसेल? कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" दहा मिनिटं लागली त्याला. नवा तुकडा, नवी तार, दोन स्क्रू. जुना टीव्ही असता तर पहिल्याच संध्याकाळी दोन जाड पट्टे सावकाश वर चढले असते, आणि मी टेस्टर घेऊन खाली गेले असते. पण टीव्हीला बोल लावून मी सुटत नाही. पट्टे दिसले नाहीत म्हणून पेटी उघडायला मला कुणी बंदी केली नव्हती.

त्या संध्याकाळी मी मागच्या खोलीत एकटीच होते. दवाखान्याकडून घेतलेलं सामान परत करायचं म्हणून वेगळं काढत होते. मशीन बाजूला केलं, मग सिलेंडर उचलला. त्याच्या तोंडाशी असलेल्या मीटरचा काटा शून्यावर होता. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून बघितला, आवाजही आला नाही. चाकणला मी दिवसाला शेकडो काटे बघते. एखादा काटा केसभर इकडे असला तरी अख्खा लॉट परत पाठवते. आणि अडीच महिने मी दारातून विचारत होते, सिलेंडर लावलाय ना, चाचा?

चाची इद्दतीत होत्या, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. आठवडाभर मी जिन्यावरून चोरासारखी येत-जात राहिले. त्या एका तासामुळेच ते गेले असं कुणी डॉक्टर म्हणणार नाही. त्यामुळे नाही गेले, असं मला म्हणता येत नाही. न सांगताही निभलं असतं. वायरमन आला होता एवढंच इमारतीला माहीत होतं. शेवटी रविवारी संध्याकाळी आईला मालिका लावून दिली आणि खाली गेले. चाची गादीशेजारी जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. मशीनमध्ये काही दोष नव्हता, पेटीतली तार ढिली होती, ती मी बघायला हवी होती आणि मला बघता येत होती. चाचांना मी उगाचच मशीन बंद करायला लावलं.

"आणि सिलेंडर रिकामा होता, चाची. मी कधी बघितलाच नाही."

"रिकामाच हुता," त्या म्हणाल्या. त्यांचा हात तांदळात फिरत होता. "लाटंत भरला हुता, त्येच्यातच संपला. मी म्हनलं त्येंला, पोरीला सांगा. तर म्हनले, तिला कळलं तर ती मशीन बंद करू द्येनार न्हाई. मग वहिनी रडतील."

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"आले हुते की वर." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुजी आई हसत हुती."

त्या शिव्या देतील, हाकलून देतील, निदान रडतील अशी तयारी करून मी गेले होते. यातलं त्यांनी काहीच केलं नाही. ताट बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं आणि अगदी सरळ, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "आता तरी नीट दिसतो का टीव्ही तिला?"

"दिसतो," मी म्हटलं.

"बरं झालं," चाची म्हणाल्या आणि ताट परत पुढे ओढलं.

मी उठून बाहेर आले. वरून मालिकेचा आवाज येत होता, कुठे तुटत नव्हता. मला वर जाववेना. आठ वाजेपर्यंत मी जिन्यातच बसून रडले.